चेहरा आणि गळा ओघळलाय, फेसलिफ्ट करावी का?

प्रश्न असा आहे: वय 58, नाशिक, बँकेतून निवृत्त. गेल्या वर्षभरात वजन कमी करायच्या इंजेक्शनांवर 16 किलो वजन उतरवलं. शुगर आणि बीपी आटोक्यात आले, पण चेहरा ओघळला आणि गळ्याखाली पिशवी लोंबायला लागली. वैशाखात मुलाचं लग्न आहे, हातात साडेतीन महिने. मुलगी म्हणते थ्रेड लिफ्ट कर, म्हणजे कातडीखाली दोरे घालून चेहरा उचलून घे, पाऊण तासाचं काम आहे. फेसलिफ्ट केली तर तोंड ताणल्यासारखं दिसतं का, ती किती टिकते आणि धोका किती?

ताई, लग्नाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. लग्नाआधी करू नका. सगळं सुरळीत गेलं तर साडेतीन महिन्यांत माणूस बऱ्यापैकी पूर्ववत होतो, हे खरं. पण सगळं सुरळीत गेलं तर! कानामागची जखम भरायला महिना जास्त लागला, ओठाचा एक कोपरा दोन महिने कमी हलला, गालाला सूज रेंगाळली, तर तुम्ही मुलाच्या अंगाला हळद लावताना मनात आरसाच असणार. शिवाय आधीची खरेदी, केळवणं, जागरणं. ज्या काळात शरीराने फक्त जखमा भरायच्या, त्या काळात तुम्ही पत्रिका वाटत फिराल. सर्जन म्हणून गेल्या 22 वर्षांत लग्नाची तारीख धरून आलेल्यांना मी जवळजवळ नेहमीच परत पाठवलंय, आणि एकदा नाही पाठवलं त्याचा मला पश्चात्ताप झालाय.

आता मूळ प्रश्नाकडे. घरीच एक चाचणी करा. बसून हातातल्या आरशात चेहरा बघा, मग पलंगावर उताणं झोपून तोच आरसा चेहऱ्यासमोर धरा. झोपल्यावर गालांच्या थैल्या कानाकडे सरकतात, जबड्याची कड दिसू लागते, गळा सपाट होतो. चांगल्या फेसलिफ्टनंतर उभं असताना साधारण तसं दिसणं अपेक्षित असतं. झोपल्यावरचा चेहरा बघून ‘हो, हेच मला हवंय’ असं वाटलं, तर ही शस्त्रक्रिया तुमच्या कामाची आहे. झोपल्यावरही नकोसं वाटतंय ते तसंच राहिलं, म्हणजे डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचा वांग, ओठांवरच्या उभ्या बारीक रेषा, तर त्याला फेसलिफ्ट काही करणार नाही. मी बाह्यरुग्ण विभागात रोज ही चाचणी करून घेतो आणि निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

ताणल्यासारखं दिसण्याची भीती जुन्या पद्धतीमुळे आहे, आणि ती रास्त आहे. 1901 साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर यांनी एका बाईच्या कानाजवळची कातडी कापून उरलेली शिवली, तिथपासून पुढची सत्तर वर्षं जगभर मुख्यतः कातडीच ओढली जात होती. उशीतला कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला असेल, तर वरचा अभ्रा कितीही ताणा, गोळा गोळाच राहणार, अभ्रा मात्र उसवणार. चेहऱ्याचंही तसंच. कातडीखाली चरबी, चरबीखाली स्नायूंना धरून असलेला एक चिवट पातळ थर, त्याला आम्ही ‘स्मास’ म्हणतो, आणि या सगळ्याला हाडाशी बांधून ठेवणारे आखूड दोर. वयाबरोबर हे दोर सैल होतात, थर खाली घसरतो, चरबी त्याच्याबरोबर जबड्यावर येऊन बसते. कातडी नुसती त्यांच्या मागोमाग खाली येते. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी 1974 मध्ये आतला थर उचलण्याची पद्धत मांडली, 1976 मध्ये फ्रान्सच्या मिट्झ आणि पेयरोनी यांनी त्या थराची रचना नीट वर्णन केली, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने बदलली. आज आम्ही ताण देतो तो या आतल्या थराला. वरची कातडी त्यावर अलगद पसरायची, जादा असेल तेवढी कापायची आणि टाके असे घालायचे की त्यांच्यावर ओढ येणार नाही. कानाजवळ शिवताना कातडी आपणहून जागेवर पडून राहिली पाहिजे. ती टाक्याने खेचून आणावी लागली, तर आत काहीतरी चुकलंय हे समजावं.

इन्स्टाग्रामवर तुम्हाला ‘डीप प्लेन’ हा शब्द शंभर वेळा दिसला असेल. ही काही कालची गोष्ट नाही, अमेरिकेतल्या सॅम हॅम्रा यांनी ती 1990 मध्ये प्रसिद्ध केली. यात स्मासच्याही खाली शिरून ते बांधून ठेवणारे दोर सोडवतात आणि कातडीसकट सगळा थर एकत्र वर घेतात. पद्धत उत्तम आहे, मीही वापरतो, मात्र प्रत्येकावर नाही. अमेरिकेत एक गमतीदार प्रयोग झाला होता. एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या, चार नामांकित सर्जन, चौघांच्या पद्धती वेगळ्या, आणि त्यांत हॅम्रा स्वतः एक. 10 वर्षांनंतरचे फोटो 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. चारही चेहरे छान टिकलेले होते. मी ते फोटो विद्यार्थ्यांना दाखवतो आणि कुठली पद्धत कुठली हे ओळखायला सांगतो. अजून कुणाला खात्रीने ओळखता आलेलं नाही. त्यामुळे ‘आम्ही फक्त डीप प्लेनच करतो’ अशी जाहिरात दिसली तर दबून जाऊ नका. त्या सर्जनच्या हाताखालून असे किती चेहरे गेलेत, ते विचारा.

तुमच्या बाबतीत खरी कामगिरी गळ्याची आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला प्लॅटिस्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू जबड्यापासून खाली छातीपर्यंत जातो. तरुणपणी त्याच्या दोन्ही कडा हनुवटीखाली जवळ असतात. पुढे त्या फाकतात, आणि बोलताना गळ्यावर दोन उभे पट्टे उठतात ते याच कडांचे. वजन झपाट्याने उतरलं की आधीच सैल झालेल्या या पिशवीतला माल कमी होतो आणि पिशवी रिकामी लोंबते. फक्त चरबी शोषून घेऊन याचं भागत नाही. उलट लायपोसक्शनने चरबी गेल्यावर पट्टे आणखी उघडे पडलेले मी पाहिलेत. करायचं असतं ते असं: हनुवटीच्या खालच्या घडीत तीनेक सेंटिमीटरची चीर घेऊन या दोन कडा मध्यभागी एकमेकींना शिवायच्या, आणि बाजूने, कानामागून, त्याच स्नायूला मागे-वर ओढून पक्क्या जागी बांधायचं. दोन्ही बाजूंनी मागे ताण आणि मध्ये शिवण, म्हणजे गळ्याला खालून तोलून धरणारी झोळी तयार होते. आता ही झोळी किती वर बसेल, ते माझ्या हातात पूर्ण नसतं. कंठातलं छोटं हाड मुळातच खाली असेल किंवा हनुवटी मागे गेलेली असेल, तर काटकोनी गळा होत नाही. जबड्याखालची लाळग्रंथी खाली उतरली असेल, तर कातडी घट्ट झाल्यावर ती सुपारीसारखी जास्तच उठून दिसू शकते. हे आधी बोटाने चाचपून बघायचं आणि पेशंटला आरशात दाखवायचं. नंतर सांगितलं की ते स्पष्टीकरण वाटतं.

चिरा कुठे असतात, हे आपल्याकडच्या बायकांनी नीट समजून घ्यावं. कानशिलाच्या केसांतून सुरू होऊन कानाच्या पुढच्या घडीतून खाली, पाळीला वळसा घालून कानामागे वर आणि तिथून मानेच्या केसांत. मोकळे केस ठेवणारीचं सगळं झाकतं. पण तुम्ही अंबाडा घालत असाल, त्यावर गजरा माळत असाल, तर कानामागचा भाग उघडा पडतो, आणि तिथली रेघ केसांच्या कडेने न्यायची की केसांच्या आत, हे त्यावरून ठरवावं लागतं. म्हणून येताना रोजची केशरचना करून या. पाळीचंही तसंच. वर्षानुवर्षं जड कुड्या किंवा झुमके घालून भोकं लांबलेली असतील, तर ती त्याच बैठकीत दुरुस्त होतात. पाळीखाली ताण राहिला तर ती काही महिन्यांत गालाला चिकटल्यासारखी खाली खेचली जाते. फेसलिफ्ट झालेली बाई लांबून ओळखू येते ती बहुधा या पाळीवरून. पुरुषांचा त्रास वेगळाच: दाढीची कातडी मागे सरकते, आणि एका निवृत्त प्राध्यापकांनी मला सहा महिन्यांनी फोन करून सांगितलं, ‘डॉक्टर, आता कानाच्या मागेही वस्तरा फिरवावा लागतो.’ मी आधी सांगितलं होतं, पण त्यांना तो विनोद वाटला होता.

गाल खोल गेले असतील, आणि 16 किलोंनंतर ते जाणारच, तर नुसतं उचलून चेहरा तरुण दिसत नाही, रोड दिसतो. तिथे पोटाची थोडी चरबी घेऊन भरतात. भरलेल्यातली सुमारे निम्मी टिकते, हे धरून चालायचं.

थ्रेड लिफ्टबद्दल मुलीला नाराज न करता सांगायचं तर: पस्तिशी-चाळिशीत, जबड्याची कड जेमतेम पुसट झालेली असताना, विरघळणाऱ्या काटेरी दोऱ्यांनी काही महिने थोडा उचल मिळतो. तुमच्या गळ्यावर ती साडीच्या निऱ्या टाचणीने तोलून धरण्यासारखी गोष्ट आहे. तिला काही महिन्यांसाठी पैसे घालायचे असतील तर घालो बापडी, पण वारंवार केलेले दोरे आणि उष्णतेची उपकरणं आतल्या थरात व्रण करून ठेवतात, आणि उद्या खरी शस्त्रक्रिया करायची झाली की ते थर एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत. फिलर, म्हणजे खोलगट जागा भरायचं इंजेक्शन, घेतलं असेल तर तेही लपवू नका.

आता धोका. लोक चेहऱ्याच्या नसेबद्दल, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूबद्दल, घाबरतात, मला मात्र पहिल्या रात्रीची काळजी असते. कातडीखाली रक्त साठणं, म्हणजे हिमॅटोमा, ही या शस्त्रक्रियेतली सगळ्यात नेहमीची गुंतागुंत. बायकांत शंभरात दोन-तीन आणि पुरुषांत त्याच्या दुपटीहून जास्त, कारण दाढीच्या मुळांना रक्तपुरवठा भरपूर. बहुतेक पहिल्या 24 तासांत होतं, आणि कारण बहुधा वाढलेलं बीपी असतं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या एका पेशंटला रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या, बीपी 190 वर गेलं, बारापर्यंत एक गाल टणक, निळा आणि दुसऱ्याच्या दीडपट. दीड वाजता पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन रक्त काढलं, वाहणारी बारीक रक्तवाहिनी बांधली. सकाळी त्यांनी मलाच विचारलं, ‘तुम्ही झोपला नाहीत का?’ शेवट चांगला झाला. पण तेव्हापासून उलटीचं औषध आधीच, बीपीचं औषध शस्त्रक्रियेच्या सकाळीसुद्धा, आणि पहिली रात्र इस्पितळातच, यावर मी तडजोड करत नाही. एका बाजूला अचानक वाढत जाणारं दुखणं आणि ताण ही सूज नव्हे, लगेच बोलवायची खूण आहे. दोन्ही गाल सारखे सुजले तर ते चालतं.

चेहऱ्याची नस कायमची जाण्याचं प्रमाण अनुभवी हातात शंभरात एकापेक्षाही कमी आहे. भुवई किंवा ओठाचा कोपरा काही आठवडे आळसावणं त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि ते सहसा परत येतं. कानाला संवेदना देणारी नस मात्र जास्त वेळा दुखावते. ती न दुखावताही पाळी आणि गाल काही महिने बधिर राहतातच. कानातलं घालताना टोचलेलं कळत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा कळत नाही आणि भाजतं. म्हणून तीन महिने ड्रायर बंद.

आणि तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि ज्या कातडीला आपण खालून सोडवून तिच्या निम्म्या वाटा बंद केल्यात, ती मग काळी पडते. बहुतेक कानामागे, जिथे ती सगळ्यात लांब आलेली असते. साताऱ्याकडच्या एका बाईंना मी विचारलं होतं, तंबाखू खाता का, विडी-सिगारेट? त्यांनी प्रामाणिकपणे ‘छे’ म्हटलं. चौथ्या दिवशी कानामागे रुपयाएवढा डाग, आठव्या दिवशी काळी खपली. सून बाहेर थांबली होती, ती म्हणाली, ‘सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात.’ त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दंतमंजन, आणि मी विचारलेला प्रश्न खाण्याचा होता. सहा आठवडे ड्रेसिंग करून जखम भरली, व्रण राहिला. आता मी ‘दात कशाने घासता?’ असं विचारतो. मिश्री असेल तर आधी चार आठवडे आणि नंतरही तितकेच बंद, नाहीतर शस्त्रक्रिया नाही.

आपल्या कातडीबद्दल एक बरी आणि एक वाईट गोष्ट. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्याला बारीक सुरकुत्या उशिरा पडतात, पण काळवंडणं सोपं असतं आणि व्रण जाडसर होऊ शकतात. मी डाव्या दंडावरची बीसीजी लशीची खूण आणि कान टोचल्याची जागा बघतो. तिथे गाठ वाढलेली असेल, तर कानापुढे लांब चीर घेण्याआधी आम्ही दोघांनीही दोनदा विचार करायचा.

तुमच्यापुरतं: वजन किमान सहा महिने एका जागी थांबलेलं हवं. अजून उतरत असेल तर आज शिवलेलं उद्या पुन्हा सैल. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड, जे काही इंजेक्शन चालू असेल, ते भूलतज्ज्ञांना सांगाच, कारण त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं. ही औषधं आपल्याकडे 2025 पासून जास्त प्रमाणात आल्यापासून असा प्रश्न मला आठवड्याला एक तरी येतो. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 7 च्या आसपास हवी. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने थांबवू नका, फिजिशियनना विचारून. लसणाच्या कॅप्सूल, माशाचं तेल, व्हिटॅमिन ई यांना लोक औषध समजत नाहीत, पण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. ती दोन आठवडे आधी बंद.

नंतरचे दिवस थोडक्यात. शस्त्रक्रियेला चार-पाच तास. एक-दोन दिवस ड्रेन, म्हणजे आत साठणारं रक्त बाहेर काढणारी नळी. कानापुढचे टाके आठवड्याच्या आत, मागचे दहा-बारा दिवसांनी. निळसर डाग दोन-तीन आठवडे, आणि ते गुरुत्वाकर्षणाने छातीपर्यंत उतरतात, तेव्हा घाबरू नका. मान एकदम वळवायची नाही, उंच उशीवर उताणं झोपायचं. केसांना मेंदी किंवा डाय आधीच लावून या, नंतर सहा आठवडे लावता येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक जणी एकदा तरी रडतात, ‘मी हे कशाला केलं’ म्हणून. हे मी नवऱ्यांना आधी सांगून ठेवतो. सहा महिन्यांनी जे दिसेल ते खरं, आणि रेघा फिक्या व्हायला वर्ष.

टिकते किती? लोक दहा वर्षं म्हणतात, मीही म्हणतो. पण घड्याळ मागे नेलं तरी ते चालूच राहतं. गळा गालांपेक्षा आधी सैल होतो, आणि वजन पुन्हा वर-खाली झालं तर तो आणखी लवकर.

पैशाचं बोलायचं तर पुण्या-मुंबईत चेहरा आणि गळा मिळून साधारण दोन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत, त्यावर 18 टक्के जीएसटी, कारण सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया करमाफीत बसत नाही. विमा काही देत नाही. डॉक्टरांच्या पाटीवर ‘एमसीएच प्लास्टिक सर्जरी’ किंवा त्याच विषयातलं ‘डीएनबी’ आहे का बघा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी या कामाला पुरेशी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते, त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही. आणि त्याच सर्जनचे स्वतःचे, एक वर्षानंतरचे, कानामागून काढलेले फोटो मागा. समोरून सगळेच दाखवतात.

लग्न झालं की वजन स्थिर आहे का ते बघून दिवाळीच्या आसपास कुणाला तरी भेटा. जाताना औषधांची यादी घ्या आणि वयाच्या पस्तिशी-चाळिशीतला, समोरून काढलेला एखादा साधा फोटो. जुन्या पासबुकावरचाही चालेल. तुमचा चेहरा पूर्वी कसा होता हे त्यावरून मला कळतं, आणि दुसऱ्या कुणाचा फोटो घेऊन आलात तर तो मी बाजूला ठेवतो.